टॉवेल, वय अंदाजे पाच

पहिला रकाना: जनावराचं नाव.
मी लिहिलं, टॉवेल.
मुंबईच्या ऑफिसातून फोन आला,
काका, हे जनावर आहे की माल?

चूक त्यांची नाही.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकोणतीस वर्षं
मी खोक्यांवर हेच लिहीत आलो:
टॉवेल, हॅम्बुर्ग, बारा डझन.
शिक्का, पट्टी, टेम्पो.
कुठल्या खोक्याचं कुणी रक्त काढलं नाही.

हा सापडला रिजेक्ट मालाच्या ढिगात,
कडेचा धागा सुटलेल्या गुलाबी नगात शिरून झोपलेला,
मुठीएवढा.
सुपरवायझर म्हणाला, इराबत्ती, हाही रिजेक्टच,
घेऊन जा.

जात: रकाना लहान, मी गल्लीचं नाव लिहिलं.
रंग: उन्हात बदामी, लाईट गेली की सांगता येत नाही.
जन्मतारीख म्हमाणे डॉक्टर दात बघून देणार होते.
माझी शाळेतल्या मास्तरांनी दिली होती, एक जून.
म्हटलं, याचीही तीच लावा.

मानेत तांदळाएवढी चिप बसली.
माझा मोबाईल दहा आकडी,
आधार बारा,
याचे पंधरा.
आता घरात मोठा हाच.

मग हरिप्रियाचा फोन, तिकडून.
नान्ना, तारखा वाच.
लस, सात तारीख.
चिप, बारा तारीख.
आधी चिप, मग लस, असा तिकडचा कायदा.

सुई टोचली होती खरी.
हा केकाटला होता, मीच धरला होता,
पण कुणाला टोचली
हे त्या दिवशी कागदाला माहीत नव्हतं.
म्हणजे टोचलीच नाही.

आता पुन्हा लस.
तीस दिवसांनी रक्त.
रक्त विमानानं पुढं जाणार, आम्ही मागनं.
तिथल्या यंत्रानं ठीक म्हटलं तरी
रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं.
माझा व्हिसा सोळा दिवसांत आला होता.
मी चावतो का, कुणी विचारलं नाही.

पोरगी फोनवर रडली.
तिकीट पुढं ढकलावं लागेल, नान्ना.
मी हूं हूं केलं, आवाज पाडून.
फोन ठेवला, बोटांवर महिने मोजले,
गड्डा सापडत होता.
तसाच चपला घालून कन्ना चौकात गेलो
आणि अर्धा किलो शेंगाचटणी आणली.
जायचं जायचं म्हणून महिनाभर
पावशेरच्या वर आणली नव्हती.

म्हमाणे डॉक्टर स्वतः दारात आले.
माझ्याकडनं चूक झाली, इराबत्ती.
असू द्या हो, मी म्हटलं,
आणि त्यांना बळंच दुसरा चहा दिला.

पिंजऱ्याचाही नियम आहे.
जनावराला आत उभं राहता आलं पाहिजे,
वळता आलं पाहिजे,
अंग टाकता आलं पाहिजे.
टेप घेऊन मापायला बसलो.
रा म्हटलं की येतो, बस म्हटलं की बसतो,
तेलुगू झाली, मराठी झाली,
तिसरी भाषा तिकडं गेल्यावर.
नाकापासून शेपटीपर्यंत मापताना
शेपूट काही स्थिर राहीना.
तीनदा मापलं, तीन आकडे आले,
तिन्ही लिहून ठेवले.

रात्री दिवा घालवायच्या आधी
खोलीच्या मधोमध मी उभा राहिलो.
डोकं वर कशाला लागत नाही.
वळलो.
खुंटीला हिचं विडीचं सूप, अजून तंबाखूच्या वासाचं,
त्याखाली भरलेली बॅग, कुलूप न लावलेली.
मग अंग टाकलं.
पाय भिंतीला पोचले नाहीत.

टॉवेल उंबऱ्यावर बसून बघत होता,
मान तिरकी करून,
हातात शिक्का असलेल्या माणसासारखा.