शिवणीवरून निखारा

आण ते कपडे इकडे, पाहुण्या.
दोरीवरून उतरवून थेट अंगात घालू नकोस,
आतले तर मुळीच नकोत.
वाळले म्हणजे झालं, असं तुमच्याकडे असेल.
इथे आंब्याच्या सावलीत एक माशी बसते
ओलसर कापडावर, शिवणीच्या आडोशाला.
तिची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत.
आठवड्याने पाठीवर गळू येतं,
आणि गळू हलतं.

हसू नकोस.
गेल्या साली एक पुलांचा इंजिनियर हसला होता.
त्याच्या खांद्यातून मीच काढली अळी,
व्हॅसलिनचा लपका लावून,
श्वास कोंडून ती वर येईपर्यंत.
एवढा मोठा माणूस, आईला हाका मारत होता.

मी ओडेत गबांदी.
उबांगीच्या काठावरच्या या लॉजात एकोणीस वर्षं
कोळशाची इस्त्री फिरवते.
उलट्या बाजूने, कॉलरच्या आत, बटणपट्टीखाली,
शिवणीशिवणीवरून निखारा.
पैसे कपड्यांचे. बाकी सांगते ते फुकट.

पिवळं कार्ड विमानतळावर दाखवलंस ना?
पासपोर्टाच्या पोटातच असू दे.
गोळी रात्रीच्या जेवणावर, पोट भरल्यावर.
गोझोचा गोळा गरम असेतो खा, कोकोच्या पानांची भाजीही;
वाफ मेली की त्या ताटाशी तुझं नातं संपलं.
केळं आपल्या हाताने सोल.
पाणी उकळलेलंच. बर्फ कुठल्या पाण्याचा
हे बर्फ विकणाऱ्या पोरालाही ठाऊक नसतं.
त्या वळणापलीकडचं डबकं आरशासारखं आहे,
मोह होईल.
गोगलगाई राहतात त्यात,
आणि गोगलगाईंच्या पोटात आणखी कुणी.
पाय बुडवू नकोस.

विचारशील, मग ती पोरं कशी पोहतात?

पोहतात.
कधीकधी लघवीला लाल होते,
दवाखान्याची नाव आली तर गोळ्या मिळतात.
यांचं अंग सरावलेलं असतं,
असं मागे एक बाई वहीत लिहून गेली.
सरावतं की.
माझ्या प्रिस्काचंही तापाला सरावत होतं,
चार वर्षांची होती.

थांब, निखारे विझत आले.
फुंकते.

तुझी मच्छरदाणी पाहिली काल, खोली झाडताना.
औषध लावलेली, चांगल्या विणीची,
पण तू तिला नुसती लोंबू देतोस
लग्नातल्या शोभेसारखी.
गादीखाली खोच. चारही बाजूंनी.
तिन्हीसांजेला नदीवर बसायचं तर बाह्या लांब घे,
घाम आला तर येऊ दे.
आणि जाशील तेव्हा ती इथेच सोडून जा,
तुझ्या गावात तिला काय काम!
माझ्या बहिणीकडे तिघं आहेत, एका चटईवर.

आता शेवटचं, तेवढं नीट ऐक.
घरी पोचशील. पंधरवडा जाईल, महिना, दोन महिने.
एका दुपारी अंगावर काटा येईल, दात वाजतील.
सर्दी म्हणशील. तुझा डॉक्टरही म्हणेल.
तो इंजिनियर तेच म्हणाला होता.
त्याच्या बायकोचं पत्र आलं मालकाला.
मालकाने वाचून दाखवलं,
अर्धंच.

तेव्हा पहिल्या थंडीलाच सांग त्यांना
तू कुठे होतास.
नदीचं नाव सांग, गावाचं सांग.
नकाशात नसलं गाव
तर नदीवर बोट ठेव, वर सरकव,
जिथे ती वळते तिथे थांब.
एरवी इथून गेलेलं कुणी
आमचं नाव काढत नाही.
तू तापात काढ.

घे. हा शर्ट अजून कढत आहे,
जरा निवू दे, मग घाल.