बांधकामाचं वर्ष

आमच्या काउंटीतली जुनी घरं
सगळी एकाच साली जन्मली : एकोणीसशे.
कोर्ट जळालं, दप्तरं गेली,
आणि नवा कारकून ल्युबिन स्क्रिव्हानेक,
ज्याला इथलं काहीच ठाऊक नव्हतं,
त्यानं रकाना मोकळा सोडायचा नाही म्हणून
प्रत्येकापुढे तेच साल मांडलं.
अक्षर मात्र सुरेख.

मी फीतवाला. करासाठी घरं मोजतो.
ओझेला टट भेंड्या खुडत होत्या.
"मोज," म्हणाल्या, "पण कुत्र्याला विचारून."

वर पत्रा. पत्र्याआड फळ्या.
फळ्यांआड, वाळवीनं जिथं खिडकी केलीय तिथं,
सीडरचे ओंडके, कुऱ्हाडीनं तासलेले,
एकेक घाव बोटानं मोजावा असा.
दोन खोल्यांमधला तो बोळ, ज्यातून
टेक्ससचा वारा आरपार जायचा,
कोंबड्या जायच्या, एकदा म्हणे शेरीफचा घोडा,
तो बुजवून तिथं आता फ्रीज.
वारा अजून येतो, फटीफटीतून, वाट विचारत.

"कुणी बांधलं?"
"पणजोबांनी. आधी मालकाचं बांधून
हात बसला होता, मग आपलं.
कोपऱ्याची खाच दोन्हीकडे एकच.
मालकाचं पडलं. तिथं गाई बसतात."

"कधी?"
त्यांनी टोपली खाली ठेवली.
"सुटकेची बातमी आली, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात.
बातमीच अडीच वर्षं उशिरा आलेली,
मग लाकूड वाळायची वाट कोण बघणार?
ओल्याचंच बांधलं.
म्हणून दार अजून घासतं."

मी मनात आकडा मांडला. म्हटलं,
एवढं जुनं दाखवलं तर घसारा वाढेल,
कर थोडा उतरेल.
"उतरू दे, चढू दे," त्या म्हणाल्या,
"साल बरोबर लिही."

ऑफिसात टाइप केलं : १८६६.
पडदा लाल झाला. पुन्हा केलं. पुन्हा लाल.
यंत्रालासुद्धा स्क्रिव्हानेकनंच शिकवलं असावं,
एकोणीसशेच्या मागं काही नव्हतंच म्हणून.

टेबलावर भेंड्यांची पिशवी,
त्यांनी कधी गाडीत ठेवली कळलं नाही.
खाली, शेऱ्याच्या रकान्यात, चाळीस अक्षरांची जागा.
लिहिलं :
दार घासतं. लाकूड ओलं होतं.
घाई होती.