बाद नमुना

पांढरी सिलिकॉनची पट्टी, रबरी बांगडीसारखी,
मीच चढवली योर्लेनीच्या मनगटावर,
निळे हातमोजे घालून,
माझ्या हाताचं काही तिला लागू नये म्हणून.
सातवा लागला होता तिला. हात सुजलेले.
"आठवडाभर काढायची नाही," मी म्हणाले,
"अंघोळीला नाही, झोपताना नाही.
हवेत असेल ते ही पीत राहील,
तुमच्यासारखीच, मुकाट्याने."
शेवटचं वाक्य माहितीपत्रकात नव्हतं.
माझ्या तोंडून गेलं. ती हसली.

मातिनाच्या या अंगाला घर आणि केळीची बाग यांच्यामध्ये
एक चर आहे तुडुंब भरलेला,
आणि तारेवर वाळत घातलेले कपडे. बस्स.
पहाटे पिवळं विमान येतं इतकं खालून
की कोंबड्या आपोआप बसकण मारतात.
बागेत लोंगरालोंगराला निळी पिशवी,
आतून औषध चोपडलेली,
जशी काही नवजातांना झबली.
एलिएसेर, तिचा नवरा, खांद्यावर शिडी घेऊन
दिवसाला दीडशे झबली चढवतो.

आठव्या दिवशी प्रश्नावली.
डासांची कॉइल? रोज.
नखांना रंग? एकदा, बहिणीच्या लग्नात.
विमान? तिने बोटं मोजली:
मंगळवार, शुक्रवार,
रविवारी नुसता आवाज आला.
डोहाळे? हा प्रश्न माझा, यादीबाहेरचा.
कैरी, मीठ लावून.
कुठली?
त्या चराच्या काठची.
ते मी समासात लिहिलं.

पट्टी चिमट्याने काढली, चांदीच्या कागदात गुंडाळली,
बर्फाच्या पेटीतून राजधानीला, तिथून विमानाने परदेशी.
सहा आठवड्यांनी फोन आला:
एकशे सातचा आकडा पाहिलात का?
दशांश चिन्ह चुकलंय, की बाई बागेत झोपते?

मी गेले. ती पायरीवर शेंगा सोलत होती,
परात पोटावर टेकवून.
बराच वेळ नुसत्या शेंगा.
मग म्हणाली, "बुधवारी मी ती त्याला दिली.
मनगटात जाईना, दोऱ्याने पट्ट्याला बांधली.
एक पाळी. पहाटे पाच ते दुपारी दोन.
मग परत माझ्या हातात."
का?
"तुम्ही तीनदा आलात.
माझी लघवी नेलीत, केस नेलेत,
नळाचं पाणीसुद्धा नेलंत बाटलीत भरून.
तिन्ही वेळा तो दारात उभा होता.
त्याला कुणी काही विचारलं नाही.
पोट नाही ना त्याचं पुढे आलेलं."

आत पाण्याचा आवाज चालू होता.
तीनदा साबण लावतो, ती म्हणाली,
त्याशिवाय मला हात लावत नाही.
आणि कपडे? कपडे मी धुते.
एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं,
प्रश्नावलीत हे कुठे बसतं ते मी सांगेन, अशा नजरेने.

नियम नऊ: सहभागी व्यक्तीने साधन दुसऱ्याला दिल्यास
नमुना बाद.
शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा.
मी लिहिलं: बुधवार, पाच ते दोन.
मग लिहिलं बाद, कारण तो बादच होता.
त्यात ती किती आणि तो किती
हे आता कुठलंही यंत्र वेगळं करून देणार नाही.

निघताना तो बाहेर आला, केस निथळत होते.
आज पहिल्यांदाच त्याने हात पुढे केला.
ओला हात, साबणाचा वास, नखांच्या कडा पांढरट.
सांगायची लाज वाटते,
पण क्षणभर, अगदी क्षणभर,
माझी नजर पिशवीतल्या हातमोज्यांकडे गेली.

त्याने ते पाहिलं.
तरी हात तसाच ठेवला.