कायीज

फैजपूरला, स्टँडमागच्या गल्लीत,
केळीच्या वेफर्सच्या कढईला खेटून
आमचं सोनोग्राफी सेंटर.
डॉक्टर पडद्यापलीकडून बोलतात,
मी अलीकडे टाइप करते.
अकरा वर्षं झाली.

मूतखडे उन्हाळ्यात,
अपेंडिक्स बरोबर परीक्षेच्या तोंडावर,
आणि बाराही महिने ही एक ओळ:
यकृतात चरबी वाढलेली, ग्रेड एक.
इतक्यांदा लिहिली की शेवटी संगणकाला शिकवून ठेवली.
'य' आणि 'च' दाबलं
की वाक्य आपोआप उमटतं, पूर्णविरामासकट.

एकदा आठवडाभर
केळीच्या वजनपावतीमागे रेघा मारत बसले, उगाच.
दहा माणसांत तीन.
सोमवारी चार.

सावद्याचे लीलाधर फिरके तर भांडलेच.
"आमच्या घरात कांदा शिजत नही, म्याडम,
आन् तुम्ही दारूचं इचारता?"
दारू नाही काका, डॉक्टर म्हणाले,
आणि शिंप्याचा टेप त्यांच्या कमरेभोवती फिरवला.
एकशे चार.
उपाशीपोटीची साखर एकशे अठरा,
रक्तातली चरबी त्याहून दुप्पट, बीपी वरच्या पायरीवर.
ही एका घरची भावंडं, काका.
एक जेवायला आलं
की बाकीची चपला काढतातच.

काका हसले नाहीत.
फाइल पिशवीत घातली, पिशवीत फरसाण होतं,
ते वर आलं.

हिंगोण्याचा चौदा वर्षांचा मुलगा, भाग्येश.
मानेवर काळा पट्टा.
आई म्हणाली, वजरीनं घासते रोज, मळ निघत नाही.
डॉक्टर गप्प झाले.
मी 'य' दाबलं, 'च' दाबलं नाही,
थोडा वेळ बोट तसंच ठेवलं.

पडद्यावर ते कसं दिसतं सांगू?
निरोगी यकृत शेजारच्या मूत्रपिंडासारखंच,
पावसाळी ढगाच्या रंगाचं.
चरबी भरली की उजळतं.
आमच्या बापाचं तापीकाठचं रान असंच उजळलं होतं.
रात्र रात्र मोटार, युरियावर युरिया,
केळीचे घड एवढे की खोडाला टेकू लावायचे,
आणि आठव्या वर्षी ढेकळांवर पांढरी साय.
जमीन खारवली.
उपासानं नाही,
खाऊन खाऊन.

आमच्याकडे 'ळ' चा 'य' होतो.
केयी, कायी माती, कायीज.
कायीज म्हणताना आम्ही छातीवर हात ठेवतो,
कायीज फाटलं, कायीज तुटलं.
खरं ते उजव्या बरगडीखाली असतं
आणि बहुतेक वेळा दुखत नाही.
दुखतं तोवर उशीर झालेला असतो,
हे मी पेशंटला सांगत नाही.
ते माझं काम नाही.

पौषात नवं मशीन आलं.
चालवून बघायला कुणीतरी हवं होतं.
झोप गं तूच, कोकिळा, डॉक्टर म्हणाले.
माझं वजन पंचावन्न, लग्नातलं ब्लाउज अजून बसतं.
थंडगार जेल. बाहेर वेफर्स तळल्याचा आवाज.
डॉक्टर बोलायचे थांबले.
मग विचारलं, आईला साखर होती का?
होती.
दिवसाला चहा किती?
या खुर्चीत किती तास?

मी उठून पोट पुसलं,
खुर्चीत बसले,
आणि रिकाम्या फॉर्मवर स्वतःचं नाव घातलं:
कोकिळा मुरलीधर झांबरे, वय एकोणचाळीस.
'य'. 'च'.
वाक्य आलं, पूर्णविरामासकट,
जसं सगळ्यांना येतं.

ते खोडलं.
मग एकेक अक्षर दाबत पुन्हा लिहिलं,
य ला कृ, कृ ला त,
वेळ लागला,
बाहेर दोन पेशंट खोकले.

बापानं शेवटी चर खणले होते.
पाणी तोडलं, ताग पेरला, थांबला.
तीन वर्षांनी माती परत काळी दिसायला लागली,
म्हणजे, त्याला दिसायची.
आम्हाला ती अजून करडीच वाटायची.

संध्याकाळी रिक्षा केली नाही.
कढईवाल्यानं नेहमीसारखा द्रोण पुढे केला,
गरम, मीठ भुरभुरलेला.
घेतला.
अर्ध्या रस्त्यापर्यंत तो हातातच होता.