तेवीस किलो

केळीच्या वजनकाट्यावर बॅग चढवली. सव्वीस.
डिगंबर म्हणाला, काकू, तीन किलो काढा,
घड असता तर दांडा छाटला असता.

बिबडे काढले.
एक थप्पी परत घातली.
स्वेटर कशाला, वाळवंट ना ते?
लीना म्हणते, आत जुगारघरात हुडहुडी भरते,
बाहेर मात्र पंचेचाळीस. आई, झेपेल ना?

मी खिडकीतून फैजपूरचा रस्ता पाहिला.
डांबर चपलेला सोडत नव्हतं,
कुत्रं टाकीखाली मेल्यागत.
झेपेल, म्हटलं.
तरी पर्समध्ये कांदा टाकला, ऊन बाधू नये म्हणून.
कांदा विमानतळावर धरतात, काकू.
धरू दे. त्यालाच धरतील.

रात्री तो पत्ते घेऊन बसला,
लास व्हेगासचा एकवीसचा डाव शिकवायला.
एक्का कधी एक, कधी अकरा.

चाळीस आखाज्या मी स्वयंपाकघरातून ऐकलं,
निंबाखाली पत्ते आपटण्याचा आवाज.
आम्हा बायांना झोका, गौराईची गाणी,
आणि दर तासाला चहा.
चहा देता देता सगळ्यांचे हात बघून घ्यायचे
आणि सासऱ्यांच्या कपापाशी
एकदा खोकायचे, किंवा दोनदा.

मामंजी आखाजीला कधी हरले नाहीत.
गावात म्हणत, हात चांगलाय म्हाताऱ्याचा.

डिगंबरचा पत्ता हातातच राहिला.

सकाळी पुन्हा काटा. साडेतेवीस.
स्वेटर काढून अंगात चढवलं,
वैशाखात, गळ्यापर्यंत.
तेवीस.
घाम पुसत म्हटलं, चल,
आणि कुणी खोकलं तर सांग.