भुसा

किनवटच्या आरागिरणीत
लचमा मडावी भुसा झाडते.
आधी तो नदीकाठी धुमसायचा रात्ररात्र,
अख्ख्या गल्लीचे डोळे चुरचुरायचे.

आता पोती मोजून जातात मागच्या शेडमध्ये.
तिथं आफरीन मॅडम सागाचा चुरा शिजवतात
स्टीलच्या उंच हंड्यात.
काकवीसारखा काळा रस निघतो,
त्याचा डिंक,
डिंकानं दाबलेल्या फळ्या,
आणि परवा, एका बाटलीच्या तळाशी
थेंबभर काहीतरी.
"हुंगा," म्हणाल्या.

माहूरच्या जत्रेत
पोरानं लोळण घेऊन मिळवलेलं
पांढरं आइस्क्रीम!
"झाडात व्हतं हे?"
"होतं ना. याच्याच जोरावर
उभं राहतं झाड."

लचमा बराच वेळ गप्प.

संध्याकाळी पदर झटकताना
थांबली जराशी.
मग झटकलाच.
खाज सुटते.