कुडातलं दार

आरमोरीच्या कॉलेजात, जुन्या बियाण्यांच्या गोदामात
एक शेकर, दोन इन्व्हर्टर.
आत अठ्ठावीस अंश, यीस्टसाठी.
बाहेर शेचाळीस, आमच्यासाठी.

फुलवंता कन्नाके सकाळ-संध्याकाळ
मोजून मिथेनॉल सोडते फ्लास्कात,
वहीत सही करते,
बाटलीचं झाकण दोनदा तपासते.
तिच्या मामाचे डोळे यानंच गेले,
कुणीतरी दारूत मिसळलेलं.
"अन् हे यीस्ट पिऊन लठ्ठ होते जी," म्हणते,
"लाज नाही तेले."

मोहफुलं ओळखणारं नाक तिचं.
दारातूनच सांगते, आज आंबट वास हाय,
फेका मॅडम.
सूक्ष्मदर्शकाला तेच कळायला
अर्धा तास लागतो.

यीस्टच्या पोटात आम्ही माणसाचा जीन घातलाय:
रक्तपेशीच्या कुडातलं एक दार.
ते उघडलं की पोटॅशियम निघून जातं,
मागोमाग पाणी,
आणि सिकलसेलची पेशी
सुकता सुकता विळा होते.

दार पाहायचं तर कूड मोडावा लागतो.
काचेच्या मण्यांनी पेशी फोडायच्या, बर्फावर,
हात बधिर होईस्तोवर.
पण नुसत्या पाण्यात ते दार उभं राहत नाही,
गोळा होऊन तळाशी बसतं.
म्हणून साबण. नेमका, महागडा, चिमूटभर.
तो त्याला चहूकडून धरतो
आणि कूड असल्याचं सोंग करतो.

सहा वेळा गोळाच झाला.
सातव्यांदा वीज गेली, इन्व्हर्टरही.
आठव्यांदा ब्लॉटवर, हवी त्या उंचीवर,
एक पुसट रेघ,
नखानं ओढल्यासारखी.

मी काही बोलले नाही.
फुलवंतानं ट्यूबलाइट लावली, पुन्हा पाहिलं.
"हे माह्या पोराचं दार का?"
नाही, म्हणाले. कुणाचंच नाही. यीस्टनं केलेलं.
"पण तसंच नं?"
तसंच.
पोरगा या वर्षी वर्गात कमी,
दवाखान्यात जास्त होता.

नमुना नागपूरला न्यायचा होता,
तिथून पुढे पुण्याला.
एसटीत थर्माकोलचा डबा तिनं मांडीवरच ठेवला.
कंडक्टर म्हणाला, वैनगंगेचे मासे का, बाई?
"वास येते का?" तिनं विचारलं.
तो हसला, तिकीट दोनच फाडली.

नागभीडला रसवंतीवाल्याकडून
नवा बर्फ घेतला.
दहा रुपये तिनं दिले.
मी परत करायला गेले,
तर खिडकीबाहेर पाहत बसली.